केस पणाला लागलेली लुचा लढत कशी पारखावी

जत्रेतल्या फडात कुस्ती बघत वाढलेल्या नाशिककराला मेक्सिकोची व्यावसायिक कुस्ती, लुचा लिब्रे, पहिल्यांदा दाखवली, की पाचव्या मिनिटाला तो म्हणतो, ‘ही तर नुरा कुस्ती.’ निकाल आधी ठरलेला असतो हे खरंच आहे. पण नुरा कुस्तीत प्रेक्षकाला फसवलेलं असतं. इथे तिकीट काढणाऱ्याला सगळं ठाऊक असतं, आणि तरी तो घसा बसेपर्यंत ओरडतो. पेठ-सुरगाण्याकडे बोहाडा बघायला रात्रभर बसणाऱ्यालाही शेवटी महिषासुर मरणार हे माहीत असतंच की. म्हणून ‘खरी का खोटी’ हा प्रश्न बाजूला ठेवा. लढत बांधली कशी आहे, ते बघा.

ही माहिती फक्त एका जातीच्या लढतीसाठी आहे: जुनी, रक्ताळलेली, वैरातून पेटलेली हाणामारी. उंच उड्या आणि कोलांट्यांची लुचा हा वेगळा विषय आहे.

आधी एवढं ठाऊक हवं

तेक्निको म्हणजे नियमाने लढणारा, रुदो म्हणजे नियम वाकवणारा. लढत तीन फेऱ्यांची असते. फेरीला काईदा म्हणतात, शब्दाचा अर्थ ‘पडणं’. दोन काईदा जिंकेल त्याची लढत. आपल्याकडे पाठ टेकली की चितपट, विषय संपला. तिथे दोन्ही खांदे टेकलेले असताना पंच तीन मोजतो, नाहीतर पकड सोसेनाशी होऊन कुणीतरी हार मानतो. दोरांबाहेर गेलेल्याला वीस मोजायच्या आत परत यावं लागतं. कमरेखाली फटका मारला, समोरच्याचा मुखवटा पूर्ण ओढून काढला किंवा ‘मार्तिनेते’ टाकला, म्हणजे माणूस उलटा धरून डोक्यावर आपटला, तर बाद. आता यातली मेख बघा. बाद झाल्याने ती एक काईदा जाते, अख्खी लढत जात नाही. त्यामुळे धूर्त रुदो कधी कधी एक काईदा मुद्दाम घालवतो आणि त्या बदल्यात समोरच्याची मान निकामी करून ठेवतो. पुढच्या काईदात तो सौदा वसूल होतो की नाही, यावर नजर ठेवा.

विजेतेपदाच्या पट्ट्यासाठीची लढत निराळी. तिथे रुदोसुद्धा बऱ्यापैकी सरळ लढतो, पकडीला पकडीने उत्तर देतो. हाणामारी पेटते ती पैजेच्या लढतीत, तिला ‘लुचा दे आपुएस्तास’ म्हणतात. मुखवटाधारी मुखवटा पणाला लावतो. ज्याला मुखवटा नाही तो डोक्यावरचे केस लावतो. हरला की रिंगणातच, सगळ्यांदेखत, भादरतात.

रामकुंडावर मुंडन बघत आलेल्या माणसाला यातलं वजन वेगळं समजावून सांगायला नको. डोकं कधी आणि का उतरवतात हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं. तेच एखाद्यावर हजारो लोकांसमोर, वैऱ्याच्या नजरेसमोर लादलं जातं.

मुखवटा की केस?

मुखवट्याची लढत मोठी मानतात, कारण मुखवटा एकदाच जातो. हरणारा तो उतरवतो, आपलं खरं नाव सांगतो, आणि पुन्हा त्या मुखवट्याने लढत नाही. केस चार महिन्यांत उगवतात. तरीही हाणामारी म्हणून बघायची तर केसांची लढत उजवी, असं आमचं ठाम मत आहे. कारण साधं आहे: चेहरा दिसतो. डोळ्यांत उतरलेलं रक्त, ठोसा बसण्याआधीचा थकवा, हार मानायची की नाही याची घालमेल, हे सगळं उघड्या तोंडावर वाचता येतं. शिवाय केस हातात धरता येतात. रुदो केसाला धरून मान मागे ओढतो, कपाळ पुढे काढतो आणि तिथेच मारतो; जे पणाला लागलंय तेच मुठीत असतं.

मुखवटा असलेला लढवय्या असेल तर एक गोष्ट मात्र जरूर बघा. मुखवटा मागे नाडीने आवळलेला असतो. पूर्ण काढला तर बाद, पण फाडला तर चालून जातं. म्हणून रुदो तो डोळ्यांपाशी, कपाळापाशी फाडतो, दातांनीसुद्धा. फाटत गेला की मालक एका हाताने चेहरा झाकतो आणि उरलेल्या एका हाताने लढतो. चांगला लढवय्या हे ओझं शेवटपर्यंत वागवतो. मुखवट्याच्या चिंध्या झाल्यावरही दोन्ही हात मोकळे सोडून लढणारा दिसला, तर त्या फाडण्याला अर्थ राहिला नाही.

सुरुवात कुठून करावी

मेक्सिकोत ही परंपरा साल्वादोर लुत्तेरोथ यांनी २१ सप्टेंबर १९३३ रोजी सुरू केलेल्या कंपनीने रुजवली. दर सप्टेंबरात तिचा वर्धापनदिनाचा मोठा फड लागतो, आणि पैजेच्या अनेक गाजलेल्या लढती त्याच फडातल्या. १९५६ पासून त्यांचं मुख्य ठिकाण म्हणजे मेक्सिको शहरातलं अरेना मेहिको.

पहिली लढत निवडा २३ सप्टेंबर १९८३ची, पन्नासाव्या वर्धापनदिनाची: सांग्रे चिकाना विरुद्ध एमएस-१, केसांविरुद्ध केस. सांग्रे म्हणजे रक्त. नावाला जागणारी लढत आहे. निकाल इथे मुद्दाम लिहिलेला नाही, तुम्हीही आधी शोधू नका. जुन्या दूरदर्शन-चित्रणाची प्रत धुरकट असते, म्हणून मोबाइलवर नको, मोठ्या पडद्यावर लावा. स्पॅनिश समालोचन कळलं नाही तरी आवाज चालू ठेवा, निम्मी लढत त्या गर्दीच्या आवाजात आहे.

तीनदा बघायची. पहिल्यांदा नुसती. दुसऱ्यांदा आवाज बंद करून, हातात कागद घेऊन. कागदावर तीन रकाने आखा: वेळ, वरचढ कोण, दुखावलं काय. पारडं फिरेल तेव्हाच नोंद करायची, प्रत्येक फटक्याला नाही. बांधीव लढतीत पारडं हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळाच फिरतं. दर अर्ध्या मिनिटाला नोंद करावी लागत असेल तर ती नुसती देवाणघेवाण आहे. तिसऱ्यांदा फक्त पंचाकडे बघा.

पहिली काईदा: अन्याय

उत्तम हाणामारी सलामीने सुरू होत नाही. खडाखडी नाही, हात मिळवणं नाही. रुदो समोरच्याला तयार होऊ देण्याआधीच तुटून पडतो. एमएस-१ तेच करतो. यामागचं कारण पक्कं समजून घ्या: सरळ सुरुवात केली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात लढत संपेपर्यंत राहतो, आणि मार खाणाऱ्याच्या मागे लोक उभे राहतात ते त्या प्रश्नामुळे. चिकाना स्वतः काही सरळमार्गी म्हणून ओळखला जाणारा नव्हता. तरी त्या रात्री लोक त्याच्यासाठी जीव टाकतात, ते या एका हल्ल्यामुळे.

इथे मारणाऱ्यापेक्षा मार खाणाऱ्याकडे बघा. लढत तोच घडवतो. ठोसा लागल्यावर तो कुठे पडतो, कशाला धरून उठतो, उठताना कुठला पाय आधी टेकतो? दहाव्या ठोशाला तो पहिल्या ठोशासारखाच पडत असेल तर काम कच्चं आहे. पहिल्याला मागे सरकावं, पाचव्याला दोर धरावे लागावेत, दहाव्याला गुडघे आपोआप वळावेत.

रक्त याच सुमारास येतं. कपाळाच्या कातडीखाली रक्तवाहिन्या दाट आणि वरवर असतात. लहानशी चीर पडली तरी भळाभळा वाहतं, घामात मिसळून पसरतं आणि जखमेच्या मानाने कितीतरी जास्त दिसतं. किती रक्त आलं हे मोजू नका. ते कशाने आलं हे दिसलं का, एवढं बघा. खांबावर डोकं आपटलं, कपाळाला चावा घेतला, खुर्ची लागली: कारण डोळ्यांसमोर घडायला हवं. आणि एकदा जखम झाली की पुढचा प्रत्येक हल्ला तिथेच यायला हवा. कपाळ फुटल्यावर रुदो मध्येच पायाचा डाव धरून बसला, तर लढतीचा धागा तुटतो. (हे सगळं बघण्यासाठी आहे. तालमीतल्या पोरांनी चीर पाडून बघण्याचा विचारही करू नये. चीर किती खोल जाईल हे हातात नसतं, आणि रक्तातून पसरणारे आजार खरे असतात.)

पहिली काईदा बहुतेकदा लवकर आटोपते आणि रुदोकडे जाते. ती लांबली तर अन्यायाची धार बोथट होते.

दुसरी काईदा: पारडं फिरतं तो क्षण

सगळ्यात अवघड काम इथे आहे, आणि बहुतेक लढती इथेच फसतात. मरणाचा मार खाल्लेला माणूस उठतो कसा? नुसता ‘आता माझी पाळी’ म्हणून उठला तर आधीचा सगळा मार खोटा ठरतो. उठण्याला कारण लागतं, आणि चांगल्या लढतीत ते रुदोच्याच चुकीतून येतं: त्याने गर्दीकडे वळून छाती ठोकली, मारण्याआधी एक पाऊल जास्त मागे घेतलं, खुर्ची उचलायला वाकला. मधल्या त्या दोन सेकंदांत पहिला ठोसा परत येतो. तो जोरदार असायची गरज नाही. अर्धवट बसलेला, तोल गेलेला ठोसा जास्त खरा वाटतो. कागदावर या क्षणाची वेळ लिहून ठेवा आणि तिसऱ्यांदा बघताना त्याच्या आधीचं अर्धं मिनिट पुन्हा लावा. तयारी तिथे दडलेली असते.

यानंतर ठोशांचा पाऊस पडतो. डाव-पेच जवळजवळ नाहीतच, आणि नसावेतही. रक्ताळलेल्या माणसाने पाच टप्प्यांची गुंतागुंतीची पकड टाकली की कुस्तीशौकिनाला कौतुक वाटतं, पण राग कुठे गेला हा प्रश्न पडतो.

तिसरी काईदा: दोघंही थकलेले

आता दोघांचीही कपाळं लाल. वेग कमी होतो, आणि तो व्हायलाच हवा. या टप्प्यावर एक ‘तोपे’ येतो: दोरांच्या मधून डोकं पुढे करून बाहेर उभ्या असलेल्यावर मारलेली मुसंडी. उड्यांच्या लुचात ती शोभेची असते. हाणामारीत ती जुगार असते, कारण मारणाराही फरशीवर किंवा खुर्च्यांत पडतो. एका लढतीत एक पुरे, फार तर दोन. मुसंडीनंतर दोघंही पडलेले असताना पंचाची वीसची मोजणी सुरू होते, आणि गर्दीचा आवाज कसा चढत जातो ते ऐका.

शेवट खांदे टेकवून होवो किंवा पकडीने, पण त्याचं मूळ आधीच्या जखमेत हवं. आधी मान निकामी केली असेल तर शेवटची पकड मानेची. बाहेरच्या तिसऱ्याच माणसाने येऊन निकाल लावला, तर केस कुणाचे जायला हवे होते हा प्रश्न तसाच राहतो.

कुठे बिघडतं

हत्यारांची रेलचेल हे पहिलं दुखणं. एक खुर्ची एकदा वापरली तर लक्षात राहते. टेबल, काठी, साखळी सगळं एका फेरीत आलं की माणसाच्या मुठीची किंमत जाते. प्रेक्षकांतून लांबलचक फिरत मारामारी करणं हेही तसंच. गर्दीत दोन मिनिटं ठीक, त्यापुढे कॅमेऱ्याला पाठमोरी माणसं तेवढी दिसतात. पंच सारखाच मधे पडला तर आग विझते. तो नुसता उभा राहिला तर नियमच उरत नाहीत, आणि नियम नसतील तर रुदो मोडणार काय? पंचाने रागवावं, हात धरावा, आणि योग्य वेळी त्याच्याकडून काहीतरी सुटावं.

चारचौघांत बघायची असेल तर

पंचवटीत कुणाच्या घरी जेवणं उरकल्यावर सहा-सातजण जमणं पुरे. त्यात एकतरी मातीतली कुस्ती केलेला असू द्या. अंग कसं पडतं हे त्याला आपल्याआधी दिसतं. मेक्सिकोचं रिंगण लाल मातीसारखं मऊ नसतं, फळ्यांवर पातळ गादी असते, आणि पाठ आपटल्याचा आवाज ऐकून तो माणूस आपणहून नुरा कुस्तीचा विषय सोडून देतो. प्रत्येक काईदानंतर दोन मिनिटं थांबा. केस कुणाचे जाणार, हे प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठी घडी घालून ठेवायची. दुसऱ्या काईदानंतर किती जणांनी मत बदललं हे शेवटी मोजा. निम्म्याहून जास्त बदलले असतील तर मधलं काम नीट झालंय.

निकाल लागला म्हणून बंद करू नका. खुर्ची आणली जाते, कात्री-यंत्र येतं, हरलेला बसतो. त्याची मान ताठ आहे की झुकलेली, जिंकलेला बघतोय की पाठ फिरवून निघालाय, हे त्या लढतीचं शेवटचं पान आहे. लढत फारच चढली असेल तर प्रेक्षक रिंगणात पैसे फेकतात, दोघांसाठीही. आपल्या फडात आवडलेल्या जोडीवर बक्षीस लावतात, तसंच.

पुढची म्हणून १४ डिसेंबर १९९०ची एल दांदी विरुद्ध एल सातानिको ही केसांची लढत लावा. तिच्यात पकडी जास्त आहेत, तरी राग कुठेच सुटत नाही. मग १९ सप्टेंबर १९९७ची एल इहो देल सांतो विरुद्ध नेग्रो कासास, मुखवट्याविरुद्ध केस. एकाचा चेहरा झाकलेला, एकाचा उघडा. ती बघताना कागदावर चौथा रकाना आखा आणि प्रत्येक नोंदीपुढे लिहा: या क्षणी तुम्ही कुणाच्या तोंडाकडे बघत होतात.