जुन्या इकोचे सेन्सर तपासायला बसण्याआधी

आमची मारुती इको व्हॅन २०१२ची. डॅशबोर्डवरची चेक इंजिनची लाइट लागली, इंजिन गरम झालं की सिग्नलला गाडी बंद पडायला लागली, आणि एका गॅरेजमध्ये सांगितलं तसे दोन महिन्यांत मी तीन सेन्सर बदलले. दुखणं निघालं इंजिनापासून बॉडीला जाणाऱ्या अर्थिंगच्या वायरीत. तिच्या टोकाला हिरवा गंज चढला होता. ज्यांची रोजीरोटी अशा गाडीवर आहे त्यांचे पैसे असे जाऊ नयेत, म्हणून सेन्सर विकत घेण्याआधीची ही तयारी.

पहिली तयारी म्हणजे एक गोष्ट न करणं. बॅटरीचं टर्मिनल काढून परत लावलं की लाइट जाते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्याबरोबर गाडीच्या कॉम्प्युटरने (ईसीयूने) साठवलेला बिघाडाचा कोड जातो आणि बिघाड झाला तेव्हा वेग, तापमान, आरपीएम किती होतं ती नोंदही पुसली जाते. आधी स्कॅनर लावून कोड वाचा, वहीत लिहा, सोबत किलोमीटरचा आकडा आणि लक्षणही लिहा: थंड असताना की गरम असताना, पेट्रोलवर की सीएनजीवर, पाऊस पडून गेल्यावर की रोजच.

ब्लूटूथचा स्वस्त स्कॅनर पुष्कळदा पुरतो, पण जुन्या गाडीशी प्रत्येक स्कॅनर बोलतोच असं नाही. विकत घेण्याआधी आपल्याच मॉडेलवर कुणी वापरलाय का ते विचारा, नाहीतर दुकानदाराला गाडीला लावून दाखवायला सांगा. नुसते कोड दाखवणारा नको. चालू इंजिनाचे आकडे दाखवणारा हवा. सोबत डिजिटल मल्टिमीटर, कॉन्टॅक्ट क्लीनर, सँडपेपर, टॉर्च, दोन-तीन बारीक टाचण्या आणि हातभर रबरी नळी ठेवा. बल्बचा टेस्ट लॅम्प मात्र ईसीयूच्या वायरींना लावू नका. तो जास्त करंट ओढतो.

इकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. त्यामुळे आदल्या दिवशीच सीटखालचं सामान काढून घ्या आणि गाडी सपाट, मोकळ्या जागी लावा. चाकाला ठोकळा लावा. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. सीट उचललेली असताना धूर आणि उष्णता दोन्ही थेट आत येतात. गाडी रात्रभर उभी राहू द्या, कारण सगळ्यात मोलाची तपासणी थंड इंजिनावर, फुकटात होते.

सकाळी इंजिन चालू न करता फक्त चावी ऑन करा. स्कॅनरवर कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं) आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळजवळ सारखं आणि बाहेरच्या हवेइतकं दिसलं पाहिजे. हवा २४ अंश आणि कूलंट उणे ४० दिसत असेल, तर बहुतेक सेन्सरचा कपलर (वायरीचा प्लग) सुटलाय किंवा वायर तुटलीये. मॅप सेन्सरचा, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा आकडा तिथल्या हवेच्या दाबाइतका हवा: मुंबईत साधारण १०० किलोपास्कल, पुण्यात ९५, महाबळेश्वरला ८६-८७. घाट चढून गेलात आणि आकडा बदललाच नाही, तर संशयाला जागा आहे. स्टार्टर फिरत असताना आरपीएम शून्यच राहत असेल, तर इंजिन किती फिरतंय ते सांगणाऱ्या क्रँक सेन्सरचा सिग्नल ईसीयूपर्यंत पोचत नाहीये. गरम झाल्यावर बंद पडणारी आणि निवल्यावर चालू होणारी गाडी असेल, तर हीच तपासणी ती बंद पडल्या क्षणी करा.

आता मल्टिमीटर. उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू असताना १३.५ ते १४.५. मग बॅटरीच्या निगेटिव्हला एक टोक, इंजिनाच्या धातूला दुसरं, आणि इंजिन चालू: ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर आधी अर्थिंगच्या वायरीची टोकं घासून साफ करा. माझं इथेच चुकलं होतं. त्यानंतर कपलर. चावी बंद करूनच काढा, काढण्याआधी फोटो घ्या, आणि वायरी हाताने चाचपत जा. उंदरांना आपल्याकडे वायरिंगची फार आवड. वरची टेप शाबूत आणि आतली तार कुरतडलेली, असंही सापडतं. सेन्सरला मिळणारा ५ व्होल्टचा पुरवठा कपलरवर येत नसेल, तर नवा सेन्सर काहीही करू शकत नाही.

दोन जुन्या खोडी विचारून ठेवा. एक, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. गाडी तापू नये म्हणून तो काढून टाकायची पद्धत आपल्याकडे आहे. मग इंजिन पुरेसं गरमच होत नाही, पेट्रोल जास्त जातं आणि दोष तापमानाच्या सेन्सरवर येतो. दुसरी, सीएनजी किट: आधी पेट्रोलवर तपासा. धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरचा कोड असला तरी तो सेन्सर बिघडलाय असं नाही. फाटलेल्या व्हॅक्यूम पाइपातून हवा ओढली जात असेल तर तो खरंच सांगतोय. रबरी नळी कानाला लावून पाइपांजवळ फिरवा, फुस्स आवाज सापडतो. पंख्यापासून नळी लांब ठेवा.

एवढं झाल्यावर एकच सेन्सर बदला आणि जुना जपून ठेवा. कोड पुसा, चार दिवस नेहमीच्या रस्त्यावर चालवा आणि थंड सकाळचे तेच आकडे पुन्हा वहीत लिहा.