घरच्या घरी मुलांचा वाढदिवस: सोलापूरकरांसाठी आटोपशीर खर्चाचा बेत

मुलांच्या वाढदिवसाचा खर्च वाढतो तो मुख्यत्वे मोठ्यांमुळे. १५ मुलांना बोलावले की त्यांच्यासोबत आईवडील, आजी आणि एखादे धाकटे भावंड येते, आकडा बघता बघता ५० च्या घरात जातो, मग घर अपुरे पडते म्हणून हॉल घ्यावा लागतो, आणि हॉल घेतला की पूर्ण जेवण ठेवणे ओघानेच येते. त्यामुळे केक आणि सजावटीचा विचार नंतर करावा; आधी आमंत्रण नीट लिहावे. ‘रविवारी सायंकाळी साडेचार ते सात, मुलांसाठी खेळ आणि खाऊ; सात वाजता मुलांना घ्यायला यावे,’ एवढा व्हॉट्सॲप संदेश पुरेसा स्पष्ट असतो आणि कोणाला त्यात वावगेही वाटत नाही. काका-मामांचा रुसवा टाळायचा असेल, तर त्यांना त्याच दिवशी सकाळी औक्षणाला आणि शिऱ्याला बोलवावे. औक्षण असे सकाळी उरकले म्हणजे सायंकाळ पूर्णपणे मुलांची राहते.

तारीख ठरवताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली पाण्याची. शहराच्या बऱ्याच भागांत नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा वाढदिवस आठवड्याच्या मधल्या वारी असेल तर तो पुढच्या रविवारी साजरा करण्याआधी त्या सुमारास पाणी कधी येणार आहे याचा अंदाज घ्यावा. २० माणसांचे हात धुणे, भांडी आणि शौचालय यांना लागणारे पाणी ऐनवेळी उभे करणे सोपे नसते. दुसरी उन्हाची. एप्रिल-मे महिन्यांत येथील पारा ४० अंशांच्या वर असतो आणि दिवसभर तापलेली गच्ची सूर्यास्तानंतरही बराच वेळ निवत नाही, म्हणून या दोन महिन्यांत घरातील मोठी खोली किंवा सोसायटीचे सावलीतले पार्किंग बरे, आणि वेळही साडेपाचच्या पुढची ठेवावी. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचे दिवस असतील तर होम मैदानाच्या बाजूने येणाऱ्या पालकांना गर्दीमुळे उशीर होणार हे गृहीत धरावे.

डिसेंबर ते फेब्रुवारी या काळातील वाढदिवसांना मात्र आपल्या जिल्ह्यात एक देखणा पर्याय आहे, तो म्हणजे ओळखीच्या शेतावरची हुरडा पार्टी. कोवळ्या ज्वारीचा हुरडा, गूळ, दही, शेंगाचटणी आणि मोकळे रान एवढ्यावर मुले तीन-चार तास रमतात आणि सजावटीचा प्रश्नच उरत नाही. हुरडा भाजायच्या आगटीजवळ एक मोठे माणूस सतत बसलेले असावे आणि विहिरीकडे मुले जाणार नाहीत अशी जागा निवडावी. या दोन अटी पाळता येत नसतील तर घरच बरे.

घरी किंवा गच्चीवर बेत असेल तर खुर्च्या भाड्याने आणण्याची गरज नाही. खाली ताडपत्री आणि तिच्यावर घरातल्या जुन्या सोलापुरी चादरी अंथरल्या की १५ मुलांची बैठक तयार होते. गच्चीचा कठडा मुलांच्या छातीपेक्षा उंच नसेल, तर तिथे पळापळीचे खेळ घेऊ नयेत.

खाण्याच्या बाबतीत एकच भरपेट पदार्थ, केक, एक फळ आणि सरबत यापलीकडे जाऊ नये. पाच-सहा पदार्थ ठेवले की प्रत्येकाच्या ताटात निम्मे उरते. भरपेट पदार्थ म्हणून चुरमुऱ्यांचा सुशीला हा उत्तम, कारण तो स्वस्त आहे, लवकर होतो आणि मुलांना चमच्याने नीट खाता येतो. १५ मुले आणि मदतीला असलेली चार-पाच मोठी माणसे यांच्यासाठी साधारण एक किलो चुरमुरे पुरतात. चुरमुरे पाण्यात बुडवून लगेच पिळून काढावेत, भिजत ठेवू नयेत, अन्यथा त्यांचा लगदा होतो. पिळलेल्या चुरमुऱ्यांना डाळव्याची पूड लावून ठेवली की उरलेले पाणी ती शोषून घेते आणि सुशीला मोकळा राहतो. फोडणीत कांदा, हळद, कढीपत्ता आणि मिरचीचे मोठे तुकडे घालावेत, म्हणजे मुलांना ते बाजूला काढता येतात. तिखट हवे असणाऱ्या मोठ्यांसाठी शेंगाचटणी वेगळी ठेवावी. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेले मूल वर्गात असू शकते, म्हणून आमंत्रणाबरोबरच पालकांना तसे विचारून घ्यावे, आणि पाच वर्षांखालील मुलांच्या ताटात अख्खे शेंगदाणे येऊ देऊ नयेत, कारण ते घशात अडकण्याची भीती असते.

केक बिनअंड्याचा सांगावा. आपल्या गल्लीत मराठी, तेलुगू, कानडी अशी सगळीच घरे असतात, कोणाचे काय चालते याची चौकशी करत बसण्यापेक्षा हा मार्ग सोपा. दीड किलोच्या केकचे सत्तर-सत्तर ग्रॅमचे वीस-एकवीस तुकडे होतात. केकवर फोटो छापून घेणे किंवा साखरेच्या लगद्याची चित्रे करून घेणे यात पैसे जातात आणि चवीत भर पडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. सरबत प्रत्येकी पाव लिटर धरून पाच लिटर करावे, उन्हाळ्यात त्याच्या दीडपट.

खेळांचा क्रम विचारपूर्वक लावावा लागतो. सगळी मुले जमेपर्यंत येईल त्याला सामील होता येईल असा खेळ हवा, उदाहरणार्थ रुमाल-पाणी. त्यानंतर लगोरी किंवा लिंबू-चमचा यांसारखे दमवणारे दोन खेळ घ्यावेत, मग केक आणि खाऊ, आणि पोट भरल्यावर बैठे खेळ. खाल्ल्यानंतर पळापळी ठेवली की एखाद्याच्या पोटात दुखतेच. संगीत खुर्चीत जो बाद होतो तो रडतो किंवा इतरांना त्रास देऊ लागतो, म्हणून लहान मुलांसाठी नियम थोडा बदलावा: दर फेरीला खुर्ची काढावी, मूल काढू नये, आणि उरलेल्या खुर्च्यांवर सगळ्यांनी दाटीवाटीने बसावे. शेवटच्या खुर्चीवर जो गोंधळ उडतो त्याला तोड नाही. आठ वर्षांपुढील मुलांसाठी खजिन्याचा शोध ठेवावा. त्यातील चिठ्ठ्यांवर भुईकोट किल्ला, सिद्धेश्वर तलावातील मंदिर, यंत्रमाग अशी चित्रे काढून प्रत्येक चित्राशी घरातील एक जागा जोडली, तर यंत्रमागाचे चित्र चादरींच्या कपाटाकडे नेते, तलावाचे पाण्याच्या पिंपाकडे. पुढचे मुलेच ओळखतात.

जाताना द्यायच्या भेटीसाठी प्लास्टिकची खेळणी घेऊ नयेत, ती दोन दिवसांत मोडतात. आपल्याकडे कारखान्याजवळच्या दुकानांत लहान टर्किश नॅपकिन डझनाच्या भावात मिळतात आणि मुलाला ते रोज शाळेच्या डब्यासोबत वापरता येते. त्यावर मुलाचे नाव घातल्यास भेटीला मोल येते. मात्र नॅपकिनच्या फंद्यांवर अक्षर उमटत नाही, रंग पसरत जातो, त्यामुळे कडेला जो सपाट विणीचा पट्टा असतो त्यावरच कापडावर टिकणाऱ्या मार्करने लिहावे. बैठ्या खेळांच्या वेळी मुलांनाच आपापले नाव आणि एखादे फूल-पान काढायला दिले, तर अर्धा तास शांततेत जातो आणि वेगळ्या कलाकृतीचे सामान आणावे लागत नाही.

सजावट थोडकीच पुरे. १ जुलै २०२२ पासून देशभर थर्माकोलची सजावट, फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या, तसेच प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे यांवर बंदी आहे, तेव्हा कागदी पताका, झेंडूची माळ आणि पानांच्या पत्रावळी हेच योग्य. गॅसचे फुगे बहुधा हायड्रोजनचे असतात. ते आणि फेसाचे स्प्रे पेटू शकतात, म्हणून मेणबत्ती किंवा निरांजन जवळ असताना ते मुळीच वापरू नयेत.

हे सगळे धरून १५ मुलांचा बेत साधारण ३,००० ते ३,५०० रुपयांत बसावा: केकला सुमारे ८००, खाऊ आणि सरबताला १,०००, भेटींना ६००, उरलेले पत्रावळी, पताका, पिण्याच्या पाण्याचे जार आणि किरकोळ खर्चाला. शेवटची तयारी मुलांना परत पाठवण्याची असते. पालकांचे फोन क्रमांक एका कागदावर लिहून दाराशी लावावेत, प्रत्येक मुलाला कोण घेऊन जाणार हे आधीच विचारून ठेवावे, आणि सात वाजल्यापासून एका मोठ्या माणसाने दारातच उभे राहून मुलाला त्याच्या घरच्यांच्या हाती सोपवत त्या नावापुढे खूण करावी.