जाहिरात टाकायच्या आधी

अभ्यासासाठी समलिंगी पालक शोधायला निघण्याआधी, आपल्याला नेमकं कोण हवंय ते एका वाक्यात लिहून काढा. सोपं वाटतं, पण अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मार्क रेग्नेरस यांच्या २०१२ च्या अभ्यासावर टीका झाली ती याच मुद्द्यावर. आई किंवा वडिलांचे कधीतरी समलिंगी संबंध होते, एवढ्यावरून त्यांनी माणसं ‘समलिंगी पालकांची मुलं’ या गटात घातली; त्यातली बरीचशी लहानपणी अशा जोडप्याच्या घरात फारशी राहिलेलीच नव्हती.

आपल्याकडे तर हे वाक्य लिहिताना घाम फुटतो. सरोगसीचा २०२१ चा कायदा समलिंगी जोडप्यांना जागा देत नाही. अविवाहित जोडप्याला मिळून दत्तक घेता येत नाही, आणि समलिंगी जोडपं कायद्याच्या लेखी अविवाहितच. सर्वोच्च न्यायालयात ऑक्टोबर २०२३ मध्ये तो नियम ३ विरुद्ध २ मतांनी टिकला. एकट्या बाईला मूल दत्तक घेता येतं, एकट्या पुरुषाला मुलगी मात्र मिळत नाही. थोडक्यात, घरात पालक दोन आणि कागदावर एक. शिवाय मूल आधीच्या लग्नातलं असू शकतं. अशी घरं धरायची का? मी म्हणेन धरा, पण त्यांची नोंद वेगळी ठेवा.

मग जाहिरातीचे शब्द. ‘समलिंगी पालकांशी बोलायचं आहे’ असं लिहिलंत, तर ज्यांचा मुलगा गे आहे असे आईवडील आधी फोन करतील. फार मोकळेपणाने बोलतात बिचारे, पण अभ्यास त्यांच्यावर नाही. त्यापेक्षा ‘तुम्ही दोघी किंवा दोघे मिळून मूल वाढवता का?’ असं सरळ विचारा.

मुंबईत हमसफर ट्रस्ट, पुण्यात समपथिक अशा समलिंगी लोकांसाठी काम करणाऱ्या संस्थांना मेसेज फॉरवर्ड करायला सांगण्याआधी एकदा जाऊन भेटा. ओळखीतून ओळख काढताना एका घराकडून दोनच नावं घ्या, नाहीतर सगळा अभ्यास एकाच मित्रमंडळींचा होतो. बोस्टन, वॉशिंग्टन, सॅन फ्रान्सिस्को इथं १९८६ पासून लेस्बियन आयांचा जो दीर्घ अभ्यास सुरू झाला, त्यात ८४ कुटुंबं मिळाली, तरी बहुतेक गोऱ्या आणि शिकलेल्या घरांतलीच.

संमतीपत्र स्वतः टाइप करा. जुना नमुना उचललात तर ‘वडिलांचे नाव’ हा रकाना हमखास तसाच छापला जातो. सही कायदेशीर पालकाची लागेल, पण दुसऱ्या पालकासाठीही तेवढीच मोठी ओळ ठेवा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे सात वर्षांपुढच्या मुलाची स्वतःची संमतीही घ्यावी लागते, बारापुढे लेखी. मूल नको म्हणालं तर विषय संपला. मुलाच्या ताब्याचा दावा चालू असेल तर तुमच्या टिपणांतली एखादी ओळ उद्या कोर्टात पोचू शकते, म्हणून खरी नावं आणि रेकॉर्डिंग एका ठिकाणी ठेवूच नका.

शेवटी फोन. अभ्यासाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढू नका, सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. तुमचा नंबर ट्रूकॉलरवर कुठल्या नावाने झळकतो ते आधी बघून घ्या. डायनिंग टेबलावरच्या फोनवर ‘क्वीअर पालक अभ्यास’ उमटलं आणि समोर सासूबाई जेवत असल्या, तर तुमचं एक घर गेलं आणि त्या दोघींची रात्र गेली. दुसऱ्याच कुणी फोन उचलला तर काय सांगायचं, हे पहिल्याच बोलण्यात विचारून ठेवा. मुलाखतीची वेळ ठरवताना स्वयंपाकाच्या मावशी किती वाजता येतात, तेही.