प्रचार-जाहिरातींवर डिझर्टेशन करताय? ‘नकारात्मक’चा रकाना आधी खोडा

मास कॉमला नाहीतर राज्यशास्त्राच्या एम.ए.ला दरवर्षी कुणीतरी हा विषय उचलतंच: अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत नकारात्मक जाहिरात चालते की आशेचा संदेश? विषय दिसायला देखणा आहे. जाहिराती फुकट बघायला मिळतात, तीस नाहीतर साठ सेकंदांत संपतात, सिनॉप्सिस बघून गाईडही लगेच मान डोलावतात. खरी कटकट सुरू होते ती कोडिंग शीट, म्हणजे प्रत्येक जाहिरातीची नोंद करायचा तक्ता, पुढ्यात घेऊन बसल्यावर. कंटेंट ॲनालिसिस म्हणजे काय, सॅम्पल कसं काढतात, हे वर्गात शिकवून झालेलं असतं, त्यात मी शिरत नाही. ज्या एका गोष्टीने माझं आख्खं सेमिस्टर खाल्लं, तिच्याबद्दलच जास्त बोलणार आहे.

माझ्या शीटवर दोन रकाने होते, ‘नकारात्मक’ आणि ‘आशावादी’. पडद्यावर अंधार, घुमणारा आवाज, पोटात गोळा आणणारं संगीत, की टाक नकारात्मकमध्ये. कोवळं ऊन, झेंडा, हसरी पोरं, की आशावादी. शीट भराभर भरत गेली. एवढी भराभर भरतेय म्हणजेच काहीतरी गडबड आहे, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

आता १९८४ मधली रीगन यांची ‘अमेरिकेत पुन्हा सकाळ झाली आहे’ ही जाहिरात लावा आणि अगदी शेवटच्या वाक्यापर्यंत ऐका. हॅल रायनी यांनी ती लिहिली आणि वाचलीही त्यांनीच. अंगणात बसून आजोबा बोलतायत असा आवाज. सायकलवरून पेपर टाकणारा मुलगा, नव्या घरात गालिचा नेणारं कुटुंब, लग्न, वर चढणारा झेंडा. आज दुपारी साडेसहा हजार तरुण-तरुणी लग्न करणार आहेत, असं निवेदक सांगतो. कुणीही डोळे झाकून ‘आशावादी’ लिहावं अशी. आणि मग शेवटी हळूच प्रश्न येतो: चार वर्षांपूर्वी जिथे होतो तिथे परत जावंसं आपल्याला का वाटेल? चार वर्षांपूर्वी अध्यक्ष कोण होते? कार्टर. त्यांचे उपाध्यक्ष? वॉल्टर मॉन्डेल. आणि १९८४ मध्ये रीगन यांच्यासमोर कोण उभं होतं? तेच मॉन्डेल. नाव न घेता, आवाज न चढवता केलेला हा हल्ला आहे. व्याजदर १९८० च्या उच्चांकाच्या निम्म्यावर आल्याचं जे मध्येच येतं, तेही त्याच हिशोबातलं.

त्याच प्रचारातली अस्वलाची जाहिरात बघा. रानात एक अस्वल आहे, काहींना ते दिसतं, काहींना दिसतच नाही. अस्वल असलंच, तर त्याच्याइतकं बलवान असणं शहाणपणाचं नाही का? सोव्हिएत संघाचं नाव नाही, मॉन्डेलचंही नाही. भीती पुरेपूर आहे, पण हल्ला? ‘काहींना दिसतच नाही’ हा टोमणा मोजायचा की नाही, हे कोडबुकात, म्हणजे नोंदीच्या नियमांच्या वहीत, आधी लिहून ठेवावं लागतं. मूड बघून ठरवलंत तर सोमवारी एक लिहाल आणि गुरुवारी दुसरं.

उलट टोक १९६८ चं. ॲग्न्यू हे निक्सन यांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार. निक्सन यांचे प्रतिस्पर्धी हम्फ्री यांच्या जाहिरातीत पडद्यावर ‘ॲग्न्यू, उपाध्यक्षपदी?’ एवढीच अक्षरं, आणि मागे एक माणूस खदाखदा हसतोय. शेवटी एक ओळ येते, की हे इतकं गंभीर नसतं तर हसण्यावारी नेलं असतं. हसू आहे म्हणून ही काय आनंदी जाहिरात झाली? पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत हल्ला आहे.

म्हणजे प्रश्न दोन आहेत आणि मी ते एकाच रकान्यात कोंबत होते. जाहिरात कुणाबद्दल बोलते, हा एक. ती बघणाऱ्याच्या मनात काय जागवते, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर तीनांपैकी एक असतं: स्वतःची भलामण, समोरच्यावर हल्ला, किंवा दोघांची तुलना. अमेरिकेतल्या प्रचार-जाहिरातींचा अभ्यास करणारे वेस्लियन मीडिया प्रोजेक्टवालेही असंच वर्गीकरण करतात, तेव्हा नवीन काही शोधायच्या भानगडीत पडू नका. दुसऱ्यासाठी वेगळा रकाना: भीती, राग, अभिमान, उमेद, हसू. एका जाहिरातीत दोन भावना असतील तर दोन्ही नोंदवा. आणि हे सगळं वाक्यावाक्याने, शॉटमागून शॉट करा. ‘एक जाहिरात, एक शिक्का’ हा हिशोब रीगनच्या त्या एका शेवटच्या वाक्याने मोडतो.

हे इतकं ताणून सांगतेय, कारण माझा घोळ रिलायबिलिटी टेस्टमध्येही, म्हणजे दोघांच्या नोंदी जुळतात का ते बघण्यातही, पकडला गेला नाही. एका मैत्रिणीला दुसरी कोडर म्हणून बसवलं होतं, आमची उत्तरं छान जुळली, आकडा उत्तम आला. येणारच! दोघींचा पूर्वग्रह एकच होता. दोघींना अंधार म्हणजे वाईट आणि ऊन म्हणजे चांगलं वाटत होतं. उत्तरं जुळली म्हणून ती बरोबर ठरत नाहीत, हे पुस्तकात एका ओळीत येतं आणि आपण ती ओळ ओलांडून जातो.

आता शॉर्टकटवाल्यांसाठी. ट्रान्सक्रिप्ट काढायचा, सेंटिमेंट ॲनालिसिसच्या, म्हणजे शब्दांवरून भावना ठरवणाऱ्या, टूलमध्ये टाकायचा आणि तक्ता डकवायचा, असं हल्ली सर्रास चाललंय. माझं मत विचाराल तर ही चक्क फसवणूक आहे. १९६४ ची जॉन्सन यांची ‘डेझी’ घ्या. एक चिमुरडी फुलाच्या पाकळ्या खुडत आकडे मोजते आणि मोजताना चुकते: पाचानंतर सात, मग सहा, पुन्हा सहा. नऊवर येते तेव्हा एक पुरुषी आवाज उलटे आकडे मोजायला लागतो, कॅमेरा तिच्या डोळ्याच्या बाहुलीत शिरतो आणि अणुस्फोट होतो. मग जॉन्सन म्हणतात, आपण एकमेकांवर प्रेम केलं पाहिजे, नाहीतर मेलं पाहिजे. आता याचा नुसता ट्रान्सक्रिप्ट डोळ्यांसमोर आणा. आकडे, मुलं, प्रेम. प्रतिस्पर्धी गोल्डवॉटर यांचं नाव कुठेच नाही. टूलने काय करावं बिचाऱ्याने? प्रचाराच्या इतिहासातली सगळ्यांत गाजलेली भीती कागदावर बालगीतासारखी दिसते.

ही जाहिरात पैसे भरून एकदाच दाखवली गेली, ७ सप्टेंबर १९६४ ला, एनबीसीवर. बाकी बातम्यांनीच ती पुन्हा पुन्हा दाखवली. आणि जॉन्सन ६१ टक्के मतं मिळवून जिंकले. इथे दुसरा खड्डा आहे, पण तो पटकन सांगून मोकळी होते: निकालावरून जाहिरातीचं श्रेय मोजू नका. ‘डेझी’ यायच्या आधीच जॉन्सन चाचण्यांमध्ये खूप पुढे होते. १९८४ मध्ये अमेरिकेची अर्थव्यवस्था सात टक्क्यांच्या वर वाढत होती. रीगन यांनी ४९ राज्यं जिंकली ती काही पेपर टाकणाऱ्या मुलामुळे नाही. २००८ मध्ये ओबामांचं ‘होप’ पोस्टर भिंतीभिंतीवर होतं, पण सप्टेंबरमध्ये लेहमन ब्रदर्स ही बडी बँकही बुडाली होती. शिवाय त्याच ओबामांनी प्रतिस्पर्धी मकेन म्हणजे तेव्हाचे अध्यक्ष धाकटे बुश यांचीच पुढची टर्म, हे जाहिरातींतून सतत घोकलं. आशेचा उमेदवार हल्ला करत नाही, असं कुठेही लिहू नका. व्हायव्हात सोलून काढतील.

व्हायव्हात हमखास विचारतात ते १९८८, थोरले बुश विरुद्ध मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर डुकाकिस. त्या राज्यातला विली हॉर्टन हा खुनाचा कैदी तुरुंगातून सुट्टीवर सुटला असताना पुन्हा गुन्हा करून बसला होता. विली हॉर्टनची जाहिरात आणि फिरत्या दरवाजाची जाहिरात या दोन वेगळ्या आहेत. पहिली एका बाहेरच्या गटाची; दुसरी थोरल्या बुश यांच्या अधिकृत प्रचाराची, आणि तिच्यात हॉर्टनचं नावही नाही. कृष्णधवल चित्रात कैदी तुरुंगाच्या फिरत्या फाटकातून आत जाऊन तसेच बाहेर येतात. निवेदक खुनाच्या कैद्यांना मिळालेल्या सुट्टीबद्दल बोलतो आणि पडद्यावर ‘२६८ पळाले’ अशी अक्षरं येतात. ऐकलेलं आणि वाचलेलं आपण डोक्यात जोडतो: २६८ खुनी पळाले. पण ते २६८ जण सगळे खुनी नव्हते. ही दिशाभूल आवाज आणि अक्षरं जोडण्यातून होते, म्हणूनच दोन्हींसाठी वेगळे रकाने लागतात. आणि पैसे कुणी भरले, हा रकाना तर लागतोच लागतो. २००२ च्या कायद्यानंतर उमेदवाराला ‘या संदेशाला माझी मान्यता आहे’ असं स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागतं. बाहेरच्या गटांना ती अट नाही. २०१० नंतर सुपर पॅक, म्हणजे हवा तेवढा पैसा जमवून खर्च करू शकणारे बाहेरचे गट, आल्यावर घाण काम कुणाकडे गेलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

भारताशी तुलना करा, असं कुणीतरी सुचवेलच. नम्रपणे नाही म्हणा. आपले राष्ट्रपती खासदार-आमदार निवडतात, आणि ‘इंडिया शायनिंग’ संसदीय निवडणुकीतलं प्रकरण आहे. तुलना हवीच असेल तर चिली घ्या. १९८८ च्या सार्वमतात हुकूमशहा पिनोशे यांच्या विरोधातल्या ‘नो’ प्रचाराला रोज टीव्हीवर पंधरा मिनिटं मिळत. इंद्रधनुष्य, गाणी, ‘आनंद येतोय’ असा नारा, आणि जवळपास ५६ टक्के मतं. आशेने भीतीला हरवलं याचं हे सगळ्यांचं लाडकं उदाहरण. पण त्याच पंधरा मिनिटांत बेपत्ता केलेल्यांच्या बायका-आया जोडीदाराविना एकट्याच नाचतानाही दाखवल्या होत्या. त्याला कुठल्या रकान्यात टाकणार?

एवढं वाचून विषय बदलावा असं वाटत असेल, तर थांबा, बदलू नका. तुमचा निष्कर्ष ‘ठोस फरक दिसला नाही’ असा आला तरी तो निष्कर्षच आहे. ॲन्सोलाबेहेर आणि अय्यंगार या संशोधकांनी १९९० च्या दशकात म्हटलं, हल्ल्यामुळे मतदान घटतं. फ्रीडमन आणि गोल्डस्टीन यांना उलट दिसलं. लाऊ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये सगळे अभ्यास एकत्र तपासले: हल्ला लक्षात राहतो, पण त्याने मतं मिळतात असा भक्कम पुरावा नाही. २०२० मध्ये कॉपॉक, हिल आणि व्हाव्रेक यांनी २०१६ च्या ४९ जाहिरातींवर ५९ प्रयोग केले, परिणाम छोटेच निघाले, आणि सूर बदलला म्हणून फारसे बदलले नाहीत. या मंडळींना जे चिमटीत सापडलं नाही ते तुमच्या डिझर्टेशनने सिद्ध करावं, अशी अपेक्षा कुणीही शहाणा गाईड ठेवत नाही. ठेवत असेल तर गाईड बदला. माझं तर मत आहे की नावाजलेल्या गाईडपेक्षा तुमची शीट ओळ न ओळ वाचून ‘हे असं का?’ विचारणारा नवखा लेक्चरर शंभर पटींनी बरा.

सॅम्पलचं एक राहिलं. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ द मूव्हिंग इमेजचा ऑनलाइन संग्रह १९५२ पासूनचा आहे, तिथूनच सुरुवात करा. फक्त तो निवडक आहे, हे ध्यानात ठेवा. गाजलेल्या जाहिराती तिथे ठळक दिसतात. ‘मी कर कमी करीन’ म्हणत टेबलामागे बसलेला उमेदवार मात्र कमी दिसतो, आणि प्रचारात अशाच जाहिराती ढिगाने असतात. तुमच्या यादीत बघताना जांभई येईल अशा पाचसहा तरी नसतील, तर यादी पुन्हा काढा आणि मगच गाईडची सही घ्या.