घरातली घातक रसायनं कमी कशी करावीत

'नैसर्गिक' असं छापलेली नवी बाटली आणल्यानं घरातली रसायनं कमी होत नाहीत, एक बाटली तेवढी वाढते. आधी आहेत त्या कमी करा.

एअर फ्रेशनर बंद करा. वास कशाचा येतोय ते शोधा. डांबरगोळ्या कपाटातून काढा. त्या झिजतात म्हणजे नॅप्थलीनची वाफ होऊन आपल्याच नाकात जाते. प्लॅस्टिकच्या डब्यात अन्न गरम करू नका, नॉनस्टिक तवा रिकामा तापवू नका. झाडण्यापेक्षा ओल्या फडक्यानं पुसा, कारण प्लॅस्टिक मऊ करायला त्यात घातलेली थॅलेट्स नावाची रसायनं सुटून धुळीला चिकटून राहतात.

खरा घोळ होतो तो बाथरूममध्ये. बाटलीवरचं चित्र सोडा, मागची बारीक अक्षरं वाचा. सोडियम हायपोक्लोराइट लिहिलंय? ते ब्लीच. हायड्रोक्लोरिक ॲसिड लिहिलंय? ते कमोडचे डाग काढणारं. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. "मी कुठे एकत्र करतेय!" असं सगळेच म्हणतात. बादलीत मुद्दाम कोणी कालवत नाहीच. पण सकाळी ओतलेलं ॲसिड कमोडच्या कडेखाली राहून जातं आणि दुपारी घरातलं दुसरंच कुणीतरी त्यावर ब्लीच सोडतं. क्लोरीन हवेपेक्षा जड, म्हणून खालीच साचतो. घासणाऱ्याचं तोंडही नेमकं तिथेच.

म्हणून एका दिवशी एकच बाटली उघडायची, आणि काम झालं की भरपूर पाणी ओतायचं. मी तर दोन्ही बाटल्या एका फळीवरही ठेवत नाही. व्हिनेगर हेही ॲसिडच, तेही ब्लीचपासून लांब. अमोनिया असलेला काच पुसायचा स्प्रेसुद्धा. डोळे चुरचुरले, घसा धरला, तर 'एवढं घासून घेते' म्हणू नका. सगळं तिथेच टाकून मोकळ्या हवेत या.

आणि तो खायच्या सोड्याचा नि व्हिनेगरचा फेस! दिसतो झकास, पण दोघं एकमेकांचा जोर मारतात आणि उरतं सोडियम ॲसिटेटचं पाणी. क्षारांच्या डागांवर नुसतं व्हिनेगर लावा, घासायला नुसता सोडा घ्या.

ब्लीच लागणारच असेल तर आधी साबणानं मळ काढा, नाहीतर त्याची ताकद मळावरच खर्च होते. पाणी गारच घ्या. स्प्रेच्या बाटलीत भरू नका, तुषार थेट छातीत जातात, फडक्यानं लावा. कालवलेलं उरलं तर उद्यासाठी ठेवू नका, त्यात दम राहत नाही.