मारुती 800चं कॉम्प्रेशन कसं तपासायचं

"मामा, मेकॅनिक म्हणतोय रिंग-पिस्टन गेले. इंजिन उतरवायला लागेल." भाच्याची गाडी 2004ची मारुती 800. फिरलीय 1,80,000 किलोमीटर, त्यातली निम्मी गॅसवर. एस.टी.च्या वर्कशॉपात 28 वर्षं पाने फिरवलेत मी, मोजल्याशिवाय इंजिन उघडायची सवय नाही. मोजायचं ते कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरात हवा किती दाबली जाते ते. पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजल्या किंवा व्हॉल्व्ह नीट मिटला नाही, की हा दाब गळतो. म्हटलं, रविवारी गाडी घेऊन ये कोल्हापूरला.

हा दाब दाखवणारा गेज प्लगच्या भोकात लावायच्या आधी थोडं बघून-ऐकून घ्या. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढा. थोडी वाफ येणारच. पण भकाभका धूर येत असेल, झाकण उलटं ठेवलं की नाचत असेल, तर इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय, म्हणजे दाब रिंगांजवळून खाली गळतोय. मग धुराचा रंग. आंबा घाट गिअरमध्ये उतरून खाली ॲक्सिलरेटर दाबल्यावर निळा लोट आला आणि विरला, तर संशय व्हॉल्व्हच्या ऑइल सीलवर घ्या. ती स्वस्तातली दुरुस्ती. चढाला सतत निळा धूर येत असेल तर मात्र रिंगा. भाच्याच्या गाडीत यातलं काहीच नव्हतं. फक्त आयडलला थरथर आणि पिकअप मेलेला.

आता गेज. रबरी टोक दाबून धरायचा घेऊ नका, आट्यांचा घ्या. या गाडीला 14 एमएमचे आटे लागतात. बॅटरी पूर्ण चार्ज पाहिजे, कारण सेल्फ मंद फिरला की आकडा खोटा येतो. इंजिन गरम करा, पण चटका बसेल इतकं नको. प्लगभोवतीची धूळ हवेने उडवा, नाहीतर ती सरळ सिलिंडरात जाते. वायरींवर 1, 2, 3 लिहून तिन्ही प्लग काढा. कॉइलची वायर काढून इंजिनाच्या धातूला जोडा (अर्थिंग), पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा, गॅस किट असेल तर टाकीचा कॉक बंद करा. उघड्या प्लगच्या भोकांतून पेट्रोल उडतं आणि तिथेच ठिणगी पडली तर काय होईल, ते सांगायला नको.

गाडी न्यूट्रलला. एकाने ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा, हवा पूर्ण आत गेली पाहिजे. सेल्फ मारा, काट्याचे सहा झटके मोजा. प्रत्येक सिलिंडरला तेवढेच झटके. पहिल्या झटक्याला काटा कुठे गेला तेही लिहा. सुरुवातीला कमी आणि मग हळूहळू चढत गेला तर बहुधा रिंगा. पहिल्यापासून कमी आणि तिथेच अडून बसला तर व्हॉल्व्ह.

आमचे आकडे आले 160, 155 आणि 110 पीएसआय (दाबाचं माप). एकट्या आकड्यावर फार जाऊ नका. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, हीच गाडी रत्नागिरीत दहाएक पीएसआय जास्त दाखवेल. महत्त्वाचा आहे तो आपापसातला फरक. दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत चालतं, त्यापुढे कारण शोधायचं. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी आले तर आधी हेड गॅस्केट बघा, म्हणजे सिलिंडरांवर बसणारं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग. (डिझेल गाडीला हा गेज लावू नका. तिथे 350-400 पीएसआय असतो, काटा मोडेल.)

मग ओली चाचणी: कमी आलेल्या सिलिंडरात चमचाभर इंजिन ऑइल सोडा, प्लगशिवाय दोन झटके फिरवा, पुन्हा मोजा. ऑइल रिंगांभोवतीची फट तात्पुरती बुजवतं, त्यामुळे आकडा चांगला वर गेला तर दोष रिंगांचा. आमचा 110चा 113 झाला. म्हणजे रिंगा ठीक.

खात्रीसाठी त्याच सिलिंडरच्या प्लगच्या भोकाला शेजारच्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी जोडली. पिस्टन अगदी वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, गाडी टॉप गिअरला, हँडब्रेक ओढलेला आणि हात पट्ट्यापासून लांब. हवा सोडल्यावर भाच्याला सायलेन्सरपाशी कान लावायला सांगितला. "मामा, फुसफुसतंय." म्हणजे धूर बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. एअर फिल्टरकडून आवाज आला असता तर हवा आत घेणारा इनटेक, डिपस्टिकच्या नळीतून आला असता तर रिंगा, आणि रेडिएटरात बुडबुडे म्हणजे गॅस्केट.

इंजिन रात्रभर गार होऊ दिलं आणि सकाळी टॅपेट कव्हर उघडलं. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यात थोडी फट ठेवलेली असते, तीच टॅपेटची फट. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टला फीलर गेजची (फट मोजायच्या पट्ट्यांची) सगळ्यात पातळ पट्टीही जाईना. गॅसवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांत हे होतं: व्हॉल्व्हची सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो, टॅपेटची फट संपते आणि व्हॉल्व्ह पुरता मिटतच नाही. मॅन्युअलप्रमाणे फट लावली, इंजिन गरम करून पुन्हा मोजलं: 148. टॅपेट लावूनही आकडा हलला नसता तर व्हॉल्व्ह जळलाय असं समजून हेड उतरवावं लागलं असतं. पण तेव्हाही हेडच, रिंग-पिस्टन नव्हे.

भाच्याला सांगितलंय, दर 10,000 किलोमीटरला टॅपेट बघून घे, सीट झिजायची थांबलेली नाही. आणि प्लग परत बसवताना पहिले आटे बोटांनीच फिरव. हेड ॲल्युमिनियमचं आहे, पान्याने तिरका घुसवलास तर आटे जातील.