ॲनाकोंडाचं घर: गोव्याच्या हवेत या चुका टाळा

माझी पहिली पेटी प्लायवूडची होती. फोंड्याच्या सुताराकडून मे महिन्यात करून घेतली, आतून पॉलिश, पुढे सरकती काच. ऑगस्टपर्यंत तिच्या कडा पाण्यात पडलेल्या पावासारख्या फुगल्या. तळाला बोट लावलं तर भुसा हाताला आला, आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी काच चौकटीत अशी अडकली की हलेना. आत पिवळी ॲनाकोंडा, बाहेर मी, आणि माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळा-पानांची आरास, बांधायला आलेले काका. "आता हिला पण माटोळीला टांगायची का रे?" एवढंच म्हणाले.

सुताराची काही चूक नव्हती. मी परदेशी माहिती जशीच्या तशी उचलली होती. तिकडचे लोक थंडीशी आणि कोरड्या हवेशी झगडतात, म्हणून त्यांचे सल्ले तसे: रोज फवारा मारा, पेटी बंद ठेवा, चोवीस तास उष्णता द्या. आपल्याकडे जुलैत खोलीतली आर्द्रता फवारा न मारताही ८५ टक्क्यांच्या वर जाते. या सापाला ६० ते ८० टक्के पुरते. पाणथळ जागेतला साप म्हणजे सतत ओला साप, हा समज काही सुटत नाही. ॲनाकोंडा पाण्यात राहतो, पण त्याला अंग सुकवायला कोरडी जागा लागतेच. ती नसली की पोटाखालचे खवले आधी लालसर होतात, मग त्यांवर पाण्याचे फोड येतात. तेव्हा मलम शोधत बसू नका. खालचा थर आधी बदला, साप कोरड्या कागदावर ठेवा आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य गाठा.

हवा खेळती ठेवायची तर एका बाजूला खाली आणि समोरच्या बाजूला वर झरोके काढा. जाळी स्टेनलेस स्टीलचीच. साधी लोखंडी जाळी समुद्राकडच्या गावात एका पावसाळ्यात गंजते, आणि गंजलेल्या जाळीवर साप नाक घासून घासून तोंडाला जखम करून घेतो. प्लायवूडऐवजी पीव्हीसी बोर्ड घ्या, त्याला वाळवी लागत नाही. जागा असेल तर एक खोलीच टाइल्स लावून त्याला द्यावी, असं माझं मत. खाली काथ्याचा भुसा चालतो, पण पाइनचा किंवा देवदाराचा लाकडी भुसा नको.

उलटी चूक फ्लॅटमध्ये होते. साप एसीच्या बेडरूममध्ये, बाहेर धो धो पाऊस, आणि कात तुकड्यातुकड्यांनी निघते, डोळ्यावरची टोपी, म्हणजे तिथला कातीचा पारदर्शक तुकडा, तशीच राहते. मालक चक्रावतो, गोव्यात आर्द्रता कमी कशी? एसी हवा कोरडी करतो म्हणून. आर्द्रता मोजायचं यंत्र खोलीत नाही, पेटीच्या आत ठेवा.

उष्णतेत बहुतेकांचा गोंधळ उन्हाळ्यात होतो. गरम बाजू ३१-३२ अंश आणि थंड बाजू २५-२७ अंश लागते. एप्रिलमध्ये स्लॅबखालच्या खोलीत दुपारी नुसती हवाच ३४ वर असते. वरून दिवा चालू राहिला तर सापाला पळायला जागा उरत नाही आणि तो दिवसभर टबात बसून राहतो. तेव्हा "पाणी फार आवडतं" असं म्हणू नका, आधी तापमान बघा. (तापमान ठीक असेल तर खवल्यांच्या कडांना भिंगाने बघा, पिसवांसारखे बारीक किडे असू शकतात.) जानेवारीत मात्र सत्तरी-डिचोलीकडे पहाटे पारा २० च्या खाली उतरतो, तेव्हा उष्णता हवीच. दिव्याला जाळीचं संरक्षण आणि थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला दिवा आपोआप बंद-चालू करणारं यंत्र) या दोन गोष्टींवर पैसे वाचवू नका. साप गरम बल्बला विळखा घालतो आणि चटका बसला तरी लगेच सोडत नाही. वीज तर आपल्याकडे जातेच, तेव्हा थर्मोस्टॅट इन्व्हर्टरवर घ्या.

टबाचा हिशेब कोणीच करत नाही. मी वापरतो तो १०० सेंमी लांब, ६० रुंद, पाणी ३० सेंमी, म्हणजे १८० लिटर, म्हणजेच १८० किलो, त्यात साप वेगळा. वरच्या मजल्यावर असाल तर ठेवण्याआधी इंजिनिअरला विचारा. तळाला निचऱ्याचा पाइप आणि व्हॉल्व्ह हवाच, कारण हा साप बहुतेक वेळा पाण्यातच घाण करतो आणि १८० लिटर पाणी बादलीने उपसणं तीन दिवसांत नकोसं होतं.

आता आकार. पिवळा ॲनाकोंडा तीन मीटरच्या आसपास, मादी थोडी जास्त. तिला किमान आठ फूट लांब आणि चार फूट रुंद पेटी द्या. पिल्लाला मात्र एवढी जागा देऊ नका. त्याला आडोसा सापडत नाही, मग तो खाणंच सोडतो. हिरव्या जातीच्या मादीचं वजन पन्नास किलोंपुढे जाऊ शकतं. ती घरात पाळायची गोष्ट नाही, एवढं मी स्पष्ट सांगतो. अडीच मीटरपुढच्या सापाची पेटी एकट्याने उघडू नका, दुसरा माणूस हवाच.

सरकत्या काचेला कुलूप लावा. नुसती खिट्टी पुरत नाही, ॲनाकोंडा नाकाने रेटून ती सरकवतो. आणि एकदा तो व्हाळात (ओढ्यात) उतरला की सापडणं कठीण.

कागदपत्रांचंही तेवढंच. ॲनाकोंडा साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात येतो, आणि २०२४ च्या नियमांनुसार असा प्राणी हाती आल्यापासून ३० दिवसांत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. बिनकागदाचा साप फुकट मिळाला तरी घेऊ नका.

माझ्या टबाचं पाणी आता पाइपाने मागच्या केळींना जातं. पालेभाजीच्या वाफ्यात ते कधी सोडत नाही, सापाच्या विष्ठेत साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जिवाणू असू शकतो.